मालवण आणि वेंगुर्ले : मित्रांकडचा मुक्काम आणि फिरणे यांचा मेळ कसा घालावा?

वैदर्भीय :
डिसेंबरच्या मध्यावर आम्ही पाच जण, म्हणजे आम्ही दोघे, आठवीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेले आई-वडील, नागपूरहून सिंधुदुर्गात जाणार आहोत. रेल्वेने कुडाळला उतरायचे ठरले आहे. माझा महाविद्यालयातील मित्र मालवणजवळ देवबागला राहतो आणि पत्नीची मैत्रीण लग्नानंतर वेंगुर्ल्याला स्थायिक झाली आहे. उतरायचे ते आमच्याकडेच, असा दोन्हीकडून आग्रह आहे. तो मोडवत नाही. पण पाच माणसांचा आठवडाभराचा भार कोणाच्या घरावर टाकणे मनाला पटत नाही, आणि दिवसभर उंडारून रात्री केवळ जेवायला-झोपायला घरी येणारे पाहुणे होणेही बरे दिसत नाही. मुलीला सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. मुक्काम कसा विभागावा, काय पाहावे आणि काय सोडून द्यावे, याबद्दल तिकडच्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

खाडीकाठचा :
नकाशावर ही सगळी गावे एकाच किनाऱ्यावर ओळीने मांडलेली दिसतात आणि बाहेरून येणारी मंडळी तिथेच फसतात. हा किनारा खाड्यांनी तोडलेला आहे. देवबागच्या टोकाला उभे राहिले, की कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगव्याची पुळण समोर दिसते; होडीने ती अगदी जवळ आहे, परंतु गाडीने जायचे म्हटले तर खाडीवरच्या पुलापर्यंत मागे येऊन मोठा वळसा घ्यावा लागतो. म्हणून आठवड्याचे दोन सरळ भाग करावेत. कर्लीच्या उत्तरेचे सगळे, म्हणजे किल्ला, तारकर्ली आणि धामापूरचा तलाव, मालवणच्या मुक्कामात पाहावे आणि दक्षिणेचे सगळे वेंगुर्ल्याहून. मालवणहून विजयदुर्ग आणि कुणकेश्वर एका दिवसात उरकण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. विजयदुर्ग पाहण्याजोगा आहे यात शंका नाही, पण सत्तरीच्या माणसांना घेऊन एवढा प्रवास करू नये. तो किल्ला देवगडच्या वेगळ्या सहलीसाठी राखून ठेवावा.

मुक्कामाबाबत माझे मत असे, की देवबागला घरोघरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत. मित्राच्या घराशेजारीच दोन खोल्या घ्याव्यात आणि जेवण मात्र त्याच्याकडे करावे.

तटबंदी :
किल्ल्यापुरते सांगतो. मालवणच्या जेटीवरून होड्या सुटतात आणि किल्ला पाहून परत येण्यासाठी होडीवाले साधारण तासाभराचा अवधी देतात. तेवढ्यात सगळे पाहून होत नाही, त्यामुळे परतीच्या वेळेबद्दल आधीच बोलून घ्यावे. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी 1664 च्या नोव्हेंबरमध्ये केली आणि काम 1667 मध्ये पुरे झाले. मुलीला आधी महादरवाजा शोधायला लावा. समोरून नुसती भिंत दिसते; दोन बुरुजांच्या वळणात शिरल्याखेरीज दार नजरेला पडत नाही, आणि शत्रूची अडचण त्यातूनच कळते. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही पाहाव्यात, कारण चहूकडे खारे पाणी असलेल्या बेटावर शिबंदी टिकली ती त्यांच्या बळावर. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवसांत रांग लागते. शनिवार-रविवार टाळून सकाळी पहिल्या होड्यांनी जावे.

सासर वेंगुर्ले :
खाडीकाठच्या काकांचे भूगोलापुरते बरोबर आहे. खोल्यांचे मात्र पटले नाही. ज्याने मायेने बोलावले, त्याच्या शेजारी पैसे देऊन राहिलात तर तोंडावर कोणी काही म्हणणार नाही, पण वर्षानुवर्षे त्याची आठवण निघत राहील. त्यापेक्षा दोन्ही घरी दोन-दोन रात्री राहा आणि उरलेल्या रात्री हवे तर खोली घ्या. येताना नागपूरची संत्री आणा. काजू किंवा खाजा आणू नका. आमच्याकडे त्याचीच रास असते.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष असतो आणि त्यातल्या गुरुवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. तुम्ही बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले खायच्या आशेने बसायचे आणि यजमानीणबाईंनी संकोचाने डाळीची आमटी वाढायची, असे व्हायला नको. याच दिवसांत गावोगावच्या जत्रा असतात. मैत्रिणीच्या गावची जत्रा त्या आठवड्यात येत असेल तर एक समुद्रकिनारा खुशाल सोडा. रात्री उशिरा देवळासमोर दशावतार उभा राहतो, पेटी-मृदंगावर संकासुराची थट्टा चालते आणि राजांची लढाई होईपर्यंत पहाट होते. यजमानांबरोबर घोंगडी पसरून नाटक पाहणे हेच पाहुणे म्हणून त्यांना वेळ देणे.

दक्षिणेकडे शिरोड्याला जावे. 1930 चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला आणि वि. स. खांडेकर तिथल्याच शाळेत शिक्षक होते. पुढे रेडीचा गणपती लागतो. त्याची मूर्ती 1976 मध्ये खाणीच्या परिसरात सापडली. तिथून तेरेखोलचा किल्ला जवळच आहे. तो खाडीच्या आपल्या बाजूला असूनही गोव्यात मोडतो. एका दिवसात हे सगळे निवांत होते आणि वडिलांना चढही फारसा नाही.

वैदर्भीय :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन-दोन रात्रींची सूचना पत्नीला लगेच पटली, आणि मार्गशीर्षातले गुरुवार दिनदर्शिकेत पाहून खूण करून ठेवले आहेत. वडिलांना किल्ल्यावर न्यावे की नाही, एवढेच ठरत नाही.

तटबंदी :
अडचण किल्ल्याच्या चढाची कमी आणि होडीची अधिक आहे. हलत्या होडीत पाय टाकताना आणि बेटावर उतरताना गुडघ्यावर ताण येतो. खलाशी हात देतात, तरी भरती-ओहोटीप्रमाणे काठ आणि होडी यांच्यातली उंची बदलते, म्हणून त्या दिवशीची पाण्याची वेळ मित्राला विचारून निघावे. जेटीवर जाऊन वडिलांना धीर वाटला नाही, तर त्यांनी आणि आईने मालवणच्या बाजारात फेरी मारावी. तोवर तुम्ही परत याल.