मदत हवी आहे: सिकार पॉइंटच्या खडकातली विसंगती फोटोत नीट कशी दाखवू?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सिकार पॉइंटला दुसऱ्यांदा जाणार आहे. भूवैज्ञानिक जेम्स हटन 1788 मध्ये बोटीने आला होता, तीच ही जागा. खाली जवळजवळ उभे राहिलेले सिल्युरियन काळातले करड्या ग्रेवॅकचे (एक कठीण, गडद वालुकाश्म) थर, वर हलक्या उताराचा, नंतरच्या डेव्होनियन काळातला तांबडा वालुकाश्म, आणि दोन्हींच्या मधल्या सांध्यात कोट्यवधी वर्षांचा खंड; हीच ती विसंगती. मला फोटोत तो सांधाच दिसायला हवा आहे; समुद्र पार्श्वभूमीला राहिला तरी चालेल.

मागच्या वेळी 16 मिमी लेन्सने अगदी जवळून फोटो काढले. पुढचे थर भव्य आले, पण त्यांचा कल खोटा वाटतो. उभे थर तिरके पडल्यासारखे दिसतात. खडक ओले होते, म्हणून पोलरायझर लावला. चकाकी गेली, तांबडा रंग छान उठला, पण ग्रेवॅक इतका काळवंडला की थरांमधल्या रेषाच हरवल्या. तीन एक्स्पोजर जोडूनही त्या परत आल्या नाहीत. लाँग एक्स्पोजरने पाणी मऊ झालं, खडकाला काही फायदा नाही.

फुल फ्रेम कॅमेरा आहे, ट्रायपॉड आहे, ड्रोन नाही. खाली उतरायची गवताळ वाट फार तीव्र उताराची, त्यामुळे दोनच लेन्स नेईन. ओहोटीची वेळ बघूनच जाणार आहे.

थरांचा खरा कल दिसावा म्हणून 35 आणि 70 मिमीच्या दरम्यान राहून थरांच्या कडांना समोरून भिडावं का? आणि ग्रेवॅकच्या रेषांसाठी ढगाळ प्रकाश बरा, की खडक वाळल्यावरचं तिरपं ऊन?