मदत हवी आहे: आईला 'रडणारी बाई नसलेला' सिनेमा हवाय

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे, सिनेमातलं फार कळतं असं नाही. गेल्या दीड महिन्यात आईसोबत बसून बरेच जुने-नवे सिनेमे पाहिले आणि आता तिनं अट घातली आहे. अट वर लिहिलीच आहे. मी अडकलोय.

सुरुवात मोतीबिंदूपासून झाली. आई ७१ वर्षांची. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, चष्मा आला, आणि आता नीट दिसतंय तर काहीतरी दाखव म्हणाली. मालिका तिला चालत नाहीत. "त्या बाया जपतांना बी दागिना काढतस नही," हे तिचं मत. (जपणं म्हणजे झोपणं. ती अहिराणीतच बोलते, तिचं बोलणं तसंच ठेवतोय.)

पहिला लावला 'उंबरठा', १९८२चा. मागणी तिचीच. आईचं माहेर शिरपूरकडचं, आणि स्मिता पाटील यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. लेक जन्मली पुण्यात, पण आईच्या हिशेबात ती "आपली शिरपूरनी पोर शे". सिनेमा चालू असताना आई सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. टच, टच, टच. आवाज बराच वेळ सुरू होता, मला जरा त्रासही होत होता. शेवटाकडे सुलभा नोकरी सोडून घरी येते आणि नवऱ्याच्या आयुष्यात आता दुसरी बाई आहे हे तिला कळतं, तिथे शेंगा थांबल्या. ती पुन्हा घराबाहेर पडते तोवर थांबलेल्याच होत्या. मग आई म्हणाली, "तिनी बरं करं." एवढंच. सूप उचललं आणि आत गेली. मी मनात तयारी करून बसलो होतो की आई म्हणेल, पोरीला टाकून कशी गेली ही. ती तसं काही बोललीच नाही. माझ्या वडिलांबद्दल इथे लिहीत नाही, पण त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

मग 'श्यामची आई'. आधी अत्र्यांचा १९५३चा, दुसऱ्या रात्री सुजय डहाके यांचा २०२३चा. नवा मुद्दाम कृष्णधवल काढलाय. दहा मिनिटांनी आईनं विचारलं, टीव्ही बिघडला का. मला स्वतःला जुना जास्त लागला. त्यात आई झालेल्या वनमालाबाई उगाच गोड होत नाहीत, पोराला पोहायला घालायचं म्हणजे घालायचं. नवा दिसायला देखणा आहे, पण थोडा शहाण्यासारखा वागतो. हे माझं मत, भांडायला येऊ नका. आमच्याकडे अमळनेर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे साने गुरुजी लेखक नंतर आणि मास्तर आधी.

खरी गडबड वेगळीच झाली. लहानपणी मी श्यामसाठी रडलो होतो. या वेळी लक्ष सगळं त्याच्या वडिलांवरच्या कर्जाकडे. सिनेमा संपल्यावर पुस्तक काढून सावकाराचा माणूस दारात वसुलीला येतो तो भाग पुन्हा वाचला. माझ्या दुकानात उधारीची वही आहे. कापूस विकला की देतो, असं म्हणून बियाणं नेलेल्या लोकांची नावं तिच्यात आहेत, आणि दिवाळीनंतर मी मोटारसायकल काढून त्यांच्या दारांवर जातो. मी कुणाला वावगं बोलत नाही. पण दारात उभा राहतो, आणि आतून त्यांची बायको बघते. हे आजवर सिनेमात नव्हतं असं नाही, मीच बघत नव्हतो.

आईला यातलं काही सांगितलं नाही. तिची तक्रार वेगळी होती. "दोन रातमा एकच बाई दोनदाव मरनी. आते बस." तिथे अट पडली: रडणारी बाई नको. मी 'बनवाबनवी' सुचवला, तर पुरवणी आली: "येड्यागत हासनारी बी नको."

अटीनंतर जे पाहिले ते थोडक्यात.

'सामना'. बाया फारशा नाहीत म्हणून लावला, चालाखी केली. निळू फुले आणि लागू समोरासमोर बसले की मला दुसरं काही नको. मारुती कांबळेचं काय झालं हे आई दोन दिवस येताजाता विचारत होती. साखर कारखाना, हिंदुराव, मिंधी माणसं, आमच्या भागात हे समजवावं लागत नाही.

'लापता लेडीज' पास झाला. स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई आईला फार आवडली. ती छाया कदम, 'फँड्री'त जब्याची आई होती, हे सांगितल्यावर तर जास्तच. पण फूल नावाची नवरी रडते, म्हणून गुण कापले.

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' मला अर्धाच आवडला. मालेगाव धुळ्याहून तासाभरावर, तिथल्या पोरांची बोली कानात बसलेली, आणि सिनेमात भाषा साफसूफ करून आणल्यासारखी. मालेगावात स्वतःचे सिनेमे बनवणाऱ्या त्याच मंडळींवरचा फैजा अहमद खान यांचा माहितीपट आधी पाहिला होता. त्यात यंत्रमागावर काम करणारा शफीक सुपरमॅन होऊन हवेत लटकतो, ते पाहताना हसू येतं आणि लगेच लाजही वाटते. आई या सिनेमात झोपली.

'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट' मी एकट्यानं पाहिला. सुंदर आहे, पण सगळे कुजबुजतात.

यावरून दुसरा प्रश्न. आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. जुन्या सिनेमातलं सगळं कळतं, नव्यात गाणं आलं की घर हादरतं आणि माणूस बोलला की काही कळत नाही. टीव्ही ४३ इंची आहे, साधाच. साउंडबार घ्यावाच लागेल का?

तर मदत करा. पहिलं, सिनेमा सुचवा. दुसरं, आवाजाचं सांगा.

प्रतिसाद, जळगावहून:
भाऊ, आवाजाचं आधी. नवे सिनेमे बहुतेक ५.१ मध्ये, म्हणजे सहा स्पीकरांच्या मांडणीसाठी मिसळलेले असतात. त्यात बोलणं मधल्या स्पीकरला दिलेलं असतं आणि संगीत, धमाके बाकीच्यांना. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर, मग सगळं त्यात कोंबलं जातं आणि बोलणं दबतं. जुन्या सिनेमांत संवाद बहुतेक स्टुडिओत डब केलेले आणि आवाज एकाच ट्रॅकचा, म्हणून ते स्वच्छ वाटतं. अ‍ॅपमध्ये ऑडिओ बदलता येत असेल तर ५.१ काढून स्टीरिओ करा. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचं काही असेल ते चालू करा. आधी हे फुकटचं करा, साउंडबार नंतर. आणि आईंची खुर्ची अशी ठेवा की उजवा कान टीव्हीकडे येईल.

प्रतिसाद, पुण्याहून (मूळ गाव पारोळा):
'झिम्मा' आणि 'बाईपण भारी देवा' सुचवणार होते, पण दोन्हीत रडारड आणि हसाहस, दोन्ही अटी मोडतात. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, अट एकदम बरोबर आहे.

प्रतिसाद, नंदुरबारहून:
दादा, 'मिर्च मसाला' लावा. केतन मेहता यांचा, १९८७चा. तुमच्या शिरपूरच्या पोरीचाच आहे, ती गेल्यानंतर प्रदर्शित झाला. सुभेदार मागे लागतो, ती मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा चौकीदार दार लावून घेतो. शेवट सांगत नाही. आम्ही नंदुरबारकर मिरचीवाले, आम्ही तो शेवट बघताना आपोआप डोळे मिटतो.

धागाकर्ता, चार दिवसांनी:
सर्वांचे आभार. आवाजाचं काम झालं. स्टीरिओ केल्यावर 'लापता लेडीज'मधला स्टेशनवरचा भाग पुन्हा लावून पाहिला, मंजू माईचं बोलणं आता स्वच्छ येतं. खुर्ची फिरवली, त्यावरून घरात थोडं भांडण झालं कारण ती आता दारात येते.

काल 'मिर्च मसाला' पाहिला. मध्ये दोनदा लाईट गेली, इन्व्हर्टरवर ओढला. मला ठाऊक नव्हतं की लग्नाआधी दोन हंगाम आई नंदुरबारला मावशीकडे राहून पथारीवर (मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर) मिरचीचे देठ खुडायला जायची. एवढ्या वर्षांत कधी बोलली नाही. काल शेवटाला सुभेदाराच्या अंगावर मिरचीपूड उडाली तेव्हा ती पुढे सरकून बसली. नंतर बराच वेळ हातांबद्दल बोलत होती. देठ खुडून घरी गेल्यावर हात कितीही धुतले तरी रात्री डोळ्याला लावायचे नाहीत, भाकरी थापताना आग व्हायची, लहान पोराला घेता यायचं नाही. सांगताना ती स्वतःचे तळवे उलटेपालटे करून बघत होती. दुसरी अट विसरून एकदा हसलीसुद्धा. माझी आठ वर्षांची मुलगी विचारत होती, आजी, तू कुणावर टाकली का मिरची. आई म्हणाली, "टाकाले पायजे व्हती."

आता तिला या पोरीचे सगळे सिनेमे हवेत. मी 'भूमिका' शोधून ठेवलाय. पाहिलेल्यांनी सांगा, मुलगी शेजारी बसलेली असताना लावता येईल का, की तिला आधी झोपवावं?