अनुभव धागा: भंगारातून घडवलेलं तुमचं हत्यार

दुकानात सरासरी माणसाच्या सरासरी हाताला बसेल असं हत्यार मिळतं. आपल्या कामाला आणि आपल्याच हाताला बसणारं हवं असेल तर ते बऱ्याचदा स्वतःच घडवावं लागतं, आणि त्यासाठी भंगाराइतका चांगला माल दुसरा नाही असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय केलं, कशापासून केलं, कुठे चुकलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करतो.

सुतारकाम हा माझा सुट्टीचा छंद. लाकडी सांध्यांची आखणी पेन्सिलीने केली की रेघेच्या जाडीएवढी फट राहते. त्यासाठी एका बाजूनेच धार लावलेली आखणीची सुरी लागते. पुण्याच्या जुन्या बाजारात पॉवर हॅकसॉचं (धातू कापणाऱ्या यांत्रिक करवतीचं) तुटलेलं पातं मिळालं. हे हायस्पीड स्टील, त्यामुळे ग्राइंडरवर थोडं तापलं तरी कडकपणा जात नाही. मात्र त्याला साध्या ड्रिलने भोक पडत नाही. माझे दोन बिट गेले. शेवटी जुन्या सागवानी चौकटीच्या तुकड्यात खाच करून पातं इपॉक्सीने बसवलं आणि वरून पितळी तार गुंडाळली. सहा वर्षं झाली, दर सुट्टीला वापरात आहे.

कोल्हापूरहून

मी ट्रकच्या कमानपाट्यापासून रंध्याचं पातं केलं. पहिलं फुकट गेलं. लालभडक करून पाण्यात बुडवलं, ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि आडवी चीर पडली. एका जुन्या लोहारकाकांना दाखवलं. ते म्हणाले, “पाट्याला तेलाचं पाणी द्यायचं असतं, बाळा.” म्हणजे तापवून पाण्याऐवजी तेलात थंड करायचं. दुसऱ्या वेळी लोहचुंबक चिकटायचं थांबेपर्यंत तापवलं (साधारण ७७० अंशांना पोलादाची ही ओढ जाते), त्याहून जरा पुढे नेलं आणि कोमट तेलात सोडलं. झाकण आणि वाळूची बादली हाताशी ठेवाच, तेल भडकतं. मग घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांना तास-तासभर दोनदा ठेवलं. ही पायरी गाळली तर धारेचे टवके उडतात. आता शिसवावरसुद्धा कागदासारखा पातळ छिलका निघतो. तो पहिला छिलका मी वहीत जपून ठेवलाय.

जालन्याहून

आमच्याकडे सायकल कोळपं (सायकलचं चाक लावलेलं, ढकलून तण काढायचं अवजार) नवं नाही, शेतकरी वापरतातच. पण मिळतं ते पुरुषांच्या उंचीचं. मी पाच फुटांची. परसबागेत तासभर चालवलं की खांदे भरून यायचे. सासऱ्यांची सायकल गंजत पडली होती. तिचं पुढचं चाक, चिमटा आणि हँडल घेतलं, मागे पाट्याच्या तुकड्याची फास (तण कापणारं पातं) लावली. वेल्डिंग गावातल्या कारागिराकडून करून घेतलं. हँडलची उंची माझ्या कोपराला मापून ठरवली. आता भेंडीच्या दोन ओळींमधून सरळ जाते, कंबर वाकवावी लागत नाही.

नाशिकहून

हत्यार म्हणता येईल का, माहीत नाही, पण मला याचाच सगळ्यात जास्त अभिमान आहे. दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा हाताने घासत होतो, नाभीय अंतर (आरशापासून किरण एकत्र येतात तिथपर्यंतचं) १२०० मिमी. वक्र बरोबर आलाय का, हे फूकोच्या चाचणीने तपासतात: आरशापासून २४०० मिमीवर एक बारीक प्रकाशफट आणि परतणारा किरण कापणारी एक धार. मी दाढीच्या दोन ब्लेडची फट केली, मागे एलईडी, आणि कापायला तिसरं ब्लेड. या तिसऱ्या ब्लेडची सरकती बैठक बिघडलेल्या प्रिंटरच्या दांड्यांवर बसवली आणि पुढे-मागे करायला ६ मिमीचा बोल्ट लावला. त्याच्या आट्यांचं अंतर १ मिमी, म्हणजे पाव फेरा दिला की पाव मिलीमीटर. प्रकाशफट स्थिर असेल तर अशा आरशाच्या मध्याच्या आणि कडेच्या वाचनात, म्हणजे कापणाऱ्या धारेच्या जागेत, सुमारे २.३ मिमी फरक यायला हवा, आणि तो या बोल्टवर मोजता येतो. पहिल्या रात्री किरणाच्या वाटेत हात धरला तर तळव्यावरून उठणारी गरम हवा धुरासारखी हलताना दिसली! घरच्या सगळ्यांना झोपेतून उठवून दाखवली.

ठाण्याहून

एक कळकळीची विनंती. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून स्पॉट वेल्डर करायचा मोह मलाही झाला होता. उघडल्यावर थांबलो. त्याच्या दुय्यम बाजूला २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो, आणि घरातला ट्रिप होणारा स्विच इथे वाचवेलच असं नाही. लाकडावर विजेची नक्षी काढताना यानेच माणसं गेली आहेत. भंगारातलं बाकी काहीही उघडा, हे सोडा.

पेणहून

माझं अगदी छोटं आहे. मोडक्या छत्रीच्या काड्या तापवून, ठोकून शाडूच्या कोरण्या केल्या. टोकाला सायकलच्या ब्रेकच्या तारेचे फास. आईच्या बोटांना संधिवात, बारीक दांडी तिला धरता येत नव्हती. म्हणून सायकलच्या हँडलची रबरी मूठ कापून कोरण्यांवर चढवली आणि मग तीच तिच्या कुंचल्यावरही. चार वर्षांनी यंदा गणपतीच्या डोळ्यांची आखणी तिने केली.