वडगावातलं घर : किती सांगायचं?
मालक 68 लाख म्हणतोय म्हणून लगेच 65 सांगू नका ओ. आधी कर्नाटक सरकारच्या कावेरी पोर्टलवर (खरेदी नोंदणीची साइट) त्या भागाची गायडन्स व्हॅल्यू, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, बघा, शेजारी अलीकडे काय भावानं खरेदी झालीय ते विचारा. आणि आपल्याकडचा पाऊस माहीत आहे की, आम्ही उन्हाळ्यात बघून घर घेतलं आणि पहिल्याच पावसात मागच्या खोलीचा गिलावा ओला होऊन हातात यायला लागला, दीड लाख गेले, तर भिंतीला हात लावून बघा आणि तो खर्च वजा करूनच आकडा सांगा. स्टॅम्प ड्युटी 5 टक्के, वर सेस, रजिस्ट्रेशन फी पण ऑगस्ट 2025 पासून 1 ची 2 टक्के झालीय, ते तुमच्याच खिशातून. मी 58 पासून सुरुवात केली असती. ई-खाता (घर कुणाच्या नावावर आहे त्याचा ऑनलाइन उतारा) आणि ईसी (घरावर कर्ज-बोजा आहे का ते दाखवणारा दाखला) बघितल्याशिवाय बयाणा अजिबात देऊ नका.