मदत हवी आहे : मचूळ पाण्यामुळे जरबेराचा लाल रंग उतरतो का?

नमस्कार. शिरोळ तालुक्यात आमचे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस असून त्यात लाल आणि पिवळ्या जरबेराचे बेड आहेत. उसाला वर्षानुवर्षे पाटाने पाणी देऊन आमच्याकडची किती जमीन क्षारपड झाली, हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. बेडसाठी आम्ही तांबडी माती बाहेरून आणली, पाणी मात्र बोअरचेच राहिले.

फेब्रुवारीपर्यंत लाल फूल गडद येत होते. मार्चअखेरपासून ते विटकरी, काही बेडवर तर धुवट दिसू लागले आहे. पिवळ्याच्या रंगात फरक जाणवत नाही, फक्त दांडा आखूड झाला आहे. जुन्या पानांच्या कडा करपल्या आहेत. बोअरच्या पाण्याची ईसी (क्षारांचे प्रमाण दाखवणारे माप) २.१ व सामू (पीएच) ८.१ आला आणि बेडमधून निथळलेल्या पाण्याची ईसी ३.८ भरली, म्हणजे मुळांशी क्षार साठत आहेत एवढे नक्की.

लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा आणि पिवळा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, इथवर मला कळते. अडचण पुढे आहे. क्षारांचा ताण बसल्यावर काही झाडे उलट अँथोसायनिन जास्त तयार करतात. पण ताण वाढून मुळांना पाणी ओढता येईनासे झाले आणि सोडियममुळे पोटॅश कमी उचलले गेले, तर झाडात साखरच कमी तयार होते व पाकळीत रंग भरत नाही. त्यातच अँथोसायनिन उष्णतेनेही घटते, आणि आमची तक्रार नेमकी उन्हाळ्यातच सुरू झाली.

दोष पाण्याचा की उन्हाचा हे पाहण्यासाठी एक बेड साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर तीन आठवड्यांपासून ठेवला आहे. त्याची नवी पाने स्वच्छ आहेत. फुलाचा रंग किंचित सुधारल्यासारखा वाटतो, पण मलाच तसे पाहायचे आहे म्हणूनही वाटत असेल. कळी आत आधीच धरलेली असल्याने खरा फरक दिसायला किती दिवस थांबावे?

दुकानदाराने पोटॅश वाढवायला सांगितले, परंतु म्युरेट ऑफ पोटॅशमधून क्लोराइडच आणखी जाईल म्हणून मी ते टाळले. शून्य-शून्य-पन्नास (सल्फेट ऑफ पोटॅश) चालेल का, की आहे तीच खते निम्मी करून आधी गोड्या पाण्याने बेड धुऊन काढावेत? साठवलेले पाणी सगळ्या बेडना जेमतेम दोनदा पुरेल, त्यामुळे ते एकदम वापरावे की बोअरच्या पाण्यात मिसळून, हे ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे त्यांनी कृपया सांगावे.