प्रतिसाद: एस.ई.एस. आणि जपान

वर कुणीतरी लिहिलंय की एस.ई.एस. हा तिघींचा कोरियन पॉप गट जपानमध्ये चालला नाही तो भाषेमुळे. हे पटत नाही. तिघींपैकी शू मूळची योकोहामाची, जपानी तिला घरचीच. यूजीन ग्वाम या अमेरिकी बेटावर वाढलेली, इंग्रजीची सोय तिच्याकडून. गाण्याचा मुख्य भार बादाने उचलला. ही विभागणी त्यांच्या कोरियन कंपनीने, एस.एम. एंटरटेनमेंटने, आधीपासून परदेशाचा विचार करून केलेली दिसते.

अडचण वेळापत्रकाची होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये कोरियात पदार्पण, आणि वर्षभराच्या आत, १९९८ च्या ऑक्टोबरात, जपानी सिंगल. दोन्हीकडे एकाच वेळी पाय ठेवल्यावर कुठल्याच देशात सलग प्रसिद्धी करता येत नाही. शिवाय जपानचं लेबल (गाणी प्रकाशित करणारी कंपनी) होतं वॅप, एव्हेक्सइतकं मोठं नाही. पुढे बोआ या कोरियन गायिकेसाठी एस.एम.ने एव्हेक्स या जपानी लेबलशी हात मिळवला, तिला जपानी शिकवून तिथेच रुजवलं आणि २००२ मध्ये तिचा पहिला जपानी अल्बम ओरिकॉन या जपानी विक्री-यादीत पहिला आला. त्या यशाचा पाया एस.ई.एस.च्या अनुभवात आहे, याचं श्रेय या तिघींना क्वचितच मिळतं.

नव्याने ऐकणाऱ्यांनी 'ड्रीम्स कम ट्रू' (१९९८) या गाण्यापासून सुरुवात करावी. मूळ चाल फिनलंडच्या नायलॉन बीट या जोडीची. युरोपातून चाली घ्यायची एस.एम.ची आजची पद्धत इथे स्पष्ट दिसते. मूळ गाणं, मग एस.ई.एस., मग एस.एम.च्याच एस्पा या नव्या गटाची २०२१ ची आवृत्ती, असं ओळीने ऐका. त्यानंतर १९९९ चा 'लव्ह' अल्बम. २००२ च्या अखेरीस गट थांबला. पुन्हा एकत्र येऊन केलेला २०१७ चा 'रिमेंबर' अल्बम मात्र वगळू नका, बादाचा आवाज तिथे जास्त भरदार आहे.