'लागीर' की 'लागिरं'? आणि भुताचा शब्द प्रेमाचा कधी झाला?

घाटावरचा: सरळ मुद्द्यावर येतो. शब्द आहे लागीर, दीर्घ गी. अर्थ भूतबाधा. आमच्याकडे तिन्हीसांजेला ओढ्यावरून आलेली बाई घुमायला लागली की म्हातारी माणसं म्हणायची 'लागीर झालंय हिला', मग मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकायच्या आणि ठसका नाही आला की सगळ्यांचे चेहरे उतरायचे. एवढा भारी शब्द, आणि २०१७ साली टीव्हीवर 'लागिरं झालं जी' आलं तेव्हापासून पोरं स्टेटसला लावतायत, तुझं लागिरं झालं म्हणून. अर्थाचीही वाट आणि शुद्धलेखनाचीही.

काना_मात्रा: शुद्धलेखनाची वाट कुठे लागली दादा? दोन्ही बरोबर आहे. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीची वेलांटी दीर्घ, म्हणून गरीब, वकील, लागीर. पण शेवटी 'रं' आलं की ह्रस्वच, गोजिरं साजिरं लिहिताना तुम्ही दीर्घ देता का? हे नियमही १९६२ चे, त्याआधी मोडीत तर ह्रस्व-दीर्घ वेलांटीचा भेदच नव्हता, भुतं तेव्हाही लागतच होती की.

दख्खनी: मला तर हा फारसी वाटतो. गीर म्हणजे धरणारा, जहांगीर = जग धरणारा, दस्तगीर = हात धरणारा. भूत धरतं म्हणून लागीर, सरळ आहे.

काना_मात्रा: 😂 मग 'ला' कुठला? लाचार, लाइलाज, लापता यातला 'ला' म्हणजे नाही, तुमच्या हिशोबाने लागीर म्हणजे न धरणारा, मांत्रिकाचा धंदाच बुडाला. अहो साजवरून साजिरं, लाजवरून लाजिरवाणं, तसं लागवरून लागिरं. लागण, लागट, लागीर सगळी एकाच घरातली, मूळ आपलं लागणे. शेवटी 'गीर' ऐकू आलं की फारसी, असं नसतं.

दख्खनी: साजिरं हे विशेषण आहे, लागीर नाम. तिथेच तुमची साखळी तुटते. फारसीचं नाव काढलं की लोकांना मिरची लागते, बाकी काही नाही.

मालवणी_तिखट: तुम्ही घाटावरचे एकच शब्द धरून बसलात. आमच्याकडे देव अंगात आला की अवसर, गोव्यात भार, आणि भूत ज्याच्या अंगात शिरलं तो माणूस म्हणजे 'झाड'. देवाचं वेगळं, भुताचं वेगळं. लागीर देवाला कुणी म्हणत नाही, वारं म्हणतात. म्हणून प्रेमाला लागीर म्हटलेलं मलाही खटकतं.

वारीवाली: एवढी पक्की भिंत नाहीये हो. एकनाथांचं 'भूत जबर मोठे गं बाई' भारूड घ्या, त्यातलं भूत कोण? देवच! नाथांना चाललं ते तुम्हाला प्रेमाच्या बाबतीत का चालू नये? आणि झपाटणं पण भुताचंच ना, तरी आपण झपाटून अभ्यास करतो, पोरगा परीक्षेला झपाटून बसला म्हणून मांत्रिक बोलावत नाही कुणी.

घाटावरचा: नाथांनी रूपक केलं ताई, ऐकणाऱ्याला भूत म्हणजे काय ते माहीत होतं म्हणून ते लागू पडलं. आत्ताच्या पोराला विचारा लागीर म्हणजे काय, तो सांगेल क्रश.

निंबूमिरची: त्यात वाईट काय, उलट बरंच झालं. हा शब्द जुन्या अर्थाने वापरला की पुढे बहुतेकदा एखाद्या बाईला बांधून मारणं, धुरी देणं हेच यायचं, त्यासाठी २०१३ ला कायदा करावा लागला महाराष्ट्रात. त्यापेक्षा क्रश परवडला.

घाटावरचा: कायदा मारझोडीवर आहे, शब्दावर नाही. मी बोलतोय काय, तुमचं चाललंय काय.

मालवणी_तिखट: 'झाड' वर कुणीच बोलूक नाय. माणसाक झाड कित्याक म्हणतत, सांगा बघू कोणीतरी.